हलू नका

पाइप डोक्यात बसला की नारळ फुटल्यासारखा आवाज येतो, असं लोक सांगतात. खोटं आहे. सोयाबीनचं ओलं पोतं ओट्यावर आपटल्यासारखा येतो. साखरा गावच्या मारुतीच्या देवळात मी तो ऐकला, तेव्हा माझा डोळा कॅमेऱ्याला होता. दिसलं मात्र काहीच नाही. बटण दाबलं की आतला आरसा उचलला जातो, आणि फोटो निघेपर्यंत फोटो काढणाराच तेवढा आंधळा असतो.

मी केतकी. हिंगोलीत माझा स्टुडिओ आहे. तोंड फटकळ आहे, तरी गिऱ्हाइकं टिकून आहेत, म्हणजे काम बरं असणार. त्या दिवशी साखरपुडा होता. मुलगी शिवकन्या, साखऱ्याच्या मेंढपाळ मसाजींची. मुलगा माऊली, कनेरगाव नाक्याचा. कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात, भर दुपारी. पण डेकोरेशनवाल्याने हौसेने सगळ्या खिडक्यांवर मखमली पडदे ठोकलेले. आत दोन ट्यूबलाइट, त्यातली एक आजारी. वर पुजारी विष्णुपंतांनी मला दारातच बजावलं, "बाई, देवासमोर फ्लॅश मारायचा नाही."

फ्लॅश नाही म्हणजे दोनच वाटा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, चढवायचा, मग माणसं नीट दिसतात, पण फोटोवर दाणे उठतात. नाहीतर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. मग फोटो लोण्यासारखा येतो, पण जो हलला त्याचा धूर होतो. शहाण्याने दाणे पत्करावेत. पण आमची गिऱ्हाइकं! मागच्याच महिन्यात नवरीच्या मावशीने अल्बम माझ्या टेबलावर आपटला होता. "पोरीच्या तोंडावर रवा सांडला काय?" माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, नाही ना पाहिजे रवा, मग खांबासारखे उभे राहा. शटर ठेवलं सेकंदाच्या पंधराव्या भागावर आणि सकाळपासून एकच ओरडत होते, "हलू नका!"

मुलीकडची माणसं ओळीने उभी केली. मध्ये मसाजी, एका बाजूला शिवकन्या, दुसऱ्या बाजूला जावई म्हणून माऊली. कडेला मसाजींचा पुतण्या शिवहार, तिशीचा, उन्हाने वाळलेला, हातात मेंढ्या हाकायची काठी.

"काठी ठिऊ का, ताई?"

"राहू दे, शोभते. फक्त हलू नको. मी सांगेपर्यंत अजिबात हलू नको."

ओळीच्या मागे मानपानावरून जुंपली होती. माऊलीचा थोरला भाऊ रुद्र सकाळपासून पिसाळला होता. मुलाकडच्या एका जावयाला टॉवेल-टोपी मिळाली नव्हती म्हणे. मी ऐकलं, पण साखरपुड्यात हे होणारच. डोळा लावला. मागून कुणीतरी ओरडलं, "थांब म्हाताऱ्या, तुला दावतो!" पुढची माणसं दचकून वळली, माऊली सासऱ्याच्या आडवा गेला, मी बटण दाबलं. काळोख. आणि तो आवाज.

उजेड आला तेव्हा माऊली खाली होता. कानामागून रक्त येत होतं, थांबतच नव्हतं. शिवकन्येच्या नव्या साडीवर, फरशीवर, मसाजींच्या धोतरावर रक्त. मग सगळेच एकमेकांवर तुटून पडले. मंडपाचे लोखंडी पाइप कोपऱ्यात रचलेले होते, ते जो-तो उचलू लागला. माऊलीची आई चंद्रभागाबाई पोराचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या कानाशी ओरडत होती. कुणी मारलं, कुणी मारलं, एवढंच चाललं होतं. ओळीतली माणसं पुरती वळायच्या आतच फटका बसला होता. मागून काय झालं ते कुणाला ठाऊक?

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बाईकडं फोटो हाय! दाव फोटो!"

आणि मी दाखवला. हे मी कधी विसरणार नाही. स्क्रीनवर माऊली वाकलेला, त्याच्या डोक्याजवळ दोन पांढऱ्या रेघा, मागे करडा धूर. दचकलेली सगळी माणसं धूसर. एकच चेहरा लख्ख, मिशीचा केसन् केस मोजता येईल असा. शिवहार. हातात काठी.

"हा एकच स्पष्ट आलाय," मी म्हणाले. माझ्या धंद्याच्या घमेंडीत म्हणाले. बाकीचे फसले, हा चांगला आला, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हाच! काठी बगा त्याच्या हातात!" रुद्रने आरोळी ठोकली.

दहा-बाराजण शिवहारवर पडले. पहिल्या फटक्यात त्याचा हात मोडला. कोपर नको त्या बाजूला वळलेलं मी पाहिलं. दुसरा फटका तोंडावर. तो पडला तर लाथा. मसाजी मध्ये गेले, त्यांना केसांना धरून भिंतीवर आपटलं. शिवहार एकदाच म्हणाला, "म्या न्हाई." पुढे त्याच्या तोंडातून शब्दाऐवजी रक्त यायला लागलं.

मी परत स्क्रीनकडे पाहिलं. काठी! त्याची काठी स्पष्ट होती, गाठीसकट. या शटरला नुसती मान वळवली तरी माणूस पुसला जातो. काठी फिरली असती तर तिचा धूर झाला असता. त्या सभामंडपात शिवहार एकटाच हलला नव्हता. मी सांगितलं म्हणून.

मी बोंबलले, "त्याने नाही मारलं! तो हललाच नाही!" कोण ऐकतो? एकाने मला कोपराने असं ढकललं की दात ओठात घुसला. दहा-बाराजण पाइप फिरवत असताना त्यांना शटर काय असतं ते कसं समजावायचं? मला जे येतं तेच मी केलं. कॅमेरा उचलला, तेच शटर, तोच उजेड, आणि रुद्रचा पाइप खाली येताना बटण दाबलं.

फोटोत रुद्र नव्हता. करडा धूर होता आणि धुरातून खाली आलेल्या दोन पांढऱ्या रेघा, एकमेकींना चिकटून. त्याच्या मनगटात स्टीलची दोन कडी होती, ट्यूबलाइटमध्ये चमकणारी. खाली शिवहार पडलेला. याही फोटोत तोच एकटा लख्ख.

मी चंद्रभागाबाईंसमोर गुडघ्यावर बसले. "माय, ह्या दोन रेघा बघा. माऊलीला लागलं तेव्हाच्या. आणि ह्या आत्ताच्या. हलत्या वस्तूची रेघ उमटते, थांबलेल्याची नाही."

त्या बाईने उभ्या आयुष्यात कॅमेरा हातात धरला नसेल. तिने एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, मग वर मान करून रुद्रच्या मनगटाकडे पाहिलं. तिला माझ्या शटरची गरज नव्हती. तिने माऊलीचं डोकं हळूच माझ्या मांडीवर ठेवलं, उठली, पाइपांच्या मधून गेली आणि शिवहारवर आडवी पडली. रुद्रचा हात सुटला होता. पाइप तिच्या पाठीत बसला.

"मार," ती खालूनच म्हणाली. "लेकरू मारलंस, आता माय बी मार."

रुद्रच्या हातातून पाइप पडला. "म्या माऊलीला न्हाई मारून राहिलो होतो," तो पुटपुटला, "मसाजीला... ह्यो मधी काहून आला?" सगळ्यांनी ऐकलं. आता मागे सरकायला प्रत्येकाला घाई झाली.

माऊली तिसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात वारला. चंद्रभागाबाईंनी जबानीत सगळं सांगितलं, एका पोराला रडून दुसऱ्याला धरून दिलं. मी दोन्ही फोटो पोलिसांना दिले.

शिवहार वाचला. हात मात्र परत सरळ झाला नाही. मी हिंगोलीच्या दवाखान्यात त्याला भेटायला गेले, हातात सफरचंदं घेऊन, तोंड कुठे लपवावं ते कळत नव्हतं. म्हटलं, "अरे, मागे एवढा दंगा झाला, सगळे वळले. तू काहून नाही वळलास? वळला असतास तर तूही धूर झाला असतास. कुणी तुला ओळखलं नसतं."

तारांनी बांधलेल्या जबड्यातून तो सावकाश बोलला. "तुमी म्हनल्या व्हत्या ना, हलू नको. मला वाटलं, माझ्यापायी शिवकन्येचा फोटो खराब व्हईल."

मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मोठमोठ्याने रडले.

आता माझ्या फोटोंत दाणे असतात, भरपूर. मावश्या अजून अल्बम आपटतात, रवा सांडला म्हणतात. मी म्हणते, सांडलाय. घ्या नाहीतर दुसरीकडे जा. मी कुणाला हलू नका म्हणत नाही.