गिडियनच्या बचाव नौकेवरचा दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. जुना म्हणा, जीर्ण मात्र म्हणू नका. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणून तुम्ही आमच्या कुळाला हिणवता. हिणवा खुशाल. त्या पिळाच्या जोरावरच कितीतरी माणसं घरी परतली आहेत.

दुसरं महायुद्ध चालू असताना स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात तीन पेड वळून मला घडवलं आणि उत्तरेला, शेटलंड बेटांवर, हवाई दलाच्या बचाव नौकेवर धाडलं. विमान समुद्रात कोसळलं की आमची नौका सुटायची आणि वैमानिकांना पाण्याबाहेर काढायची. दोर फेकायचं काम गिडियन हॅलक्रोकडे होतं. तो तिथलाच कोळी, तोंडाने मिश्किल आणि हाताने अचूक.

त्याच्या आईला, बार्बराला, हे काम मुळीच पसंत नव्हतं. बुडणाऱ्याला वाचवलं तर समुद्र वाचवणाऱ्याच्या घरातलं माणूस मागतो, अशी तिकडची जुनी समजूत.

"गिडी, समुद्राच्या तोंडचा घास काढू नकोस रे. तो उपाशी राहायचा नाही. आपल्या दारात येईल."

"येऊ दे की. आला तर चहा पाज त्याला."

आई हसायची नाही.

पहिल्याच हिवाळ्यात एक वैमानिक पाण्यात दिसला. गिडियनने मला इतकं नेमकं फेकलं की मी त्याच्या तळहातावरच पडलो. "धर, धर!" सगळे ओरडले. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण गारठ्याने त्याची बोटं मिटेनात. तो माझ्यावरून घसरून खाली गेला. मला फार वाईट वाटलं.

"दोर हातात होता गं त्याच्या. मूठच वळेना," गिडियनने घरी सांगितलं.

"केवढा होता?"

"मिसरूडही धड फुटलं नव्हतं."

बार्बरा चुलीपुढून उठली. मग म्हणाली, "आण तो दोर इकडे."

गिडियनने माझ्या टोकाला खांद्यापर्यंत हात शिरेल एवढा फास केला, न आवळणाऱ्या गाठीचा. काळ्या पाण्यात दिसावा म्हणून बार्बराने त्यावर आपल्या मेंढ्यांची पांढरी लोकर गुंडाळून शिवली. "बोटं नाही तर नाही, काखेत तरी अडकेल," ती म्हणाली. "पण समुद्र मागायला येणार, हे मी अजूनही सांगते."

त्यानंतर मूठ वळली नाही तरी माणूस वर यायचा. आपले आले, शत्रूचेही आले. नौकेवर माझं कौतुक व्हायचं आणि मला त्याचा गर्व होता. अजून आहे.

युद्ध संपलं, नौका मोडीत निघाली. गिडियनने मला घरी आणलं. दर उन्हाळ्यात तो मला उन्हात पसरायचा, पेड तपासायचा, नवी लोकर गुंडाळायचा. शेजारच्या एर्टीला मी गवताची गंजी बांधायला हवा होतो. नकार मिळाला की तो चिडवायचा, "लढाई संपली, गिडी! दोराला कुणी सांगितलं नाही वाटतं?"

"समुद्राला तरी कुणी सांगितलंय?"

लेकीला, ओस्लाला, त्याने खेळता खेळता शिकवलं होतं, "बोटांनी धरायचं नाही. आधी हात आत."

ओस्ला दहा वर्षांची असताना एर्टीच्या होडीतून समोरच्या बेटावर कोकरं बघायला निघाली. धक्क्याजवळच लाटेने होडी उलटली. एर्टीने उलटी होडी धरून ठेवली, पण ओस्ला वाहत चालली.

"आला गं बाई, आला मागायला!" धक्क्यावर बार्बरा किंचाळली.

गिडियन मला घेऊन धावत आला आणि त्याने मला फेकलं. मी पोरीसमोर पडलो. तिची बोटं मिटत नव्हती. मी घाबरलो. पण तिने हात आत घातला, थेट खांद्यापर्यंत. गिडियनने ओढलं आणि त्याच्यामागे बार्बरानेही दोन्ही हातांनी ओढलं. माझे पेड करकरले, पण एकही सुटला नाही. मागून एर्टीलाही मीच बाहेर आणलं. गंजीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

बार्बराने नातीला शालीत गुंडाळलं. मग समुद्राकडे वळून ओरडली, "जा! चहासुद्धा मिळायचा नाही तुला!"

मित्रांनो, गिडियन आणि बार्बरा आता नाहीत. ओस्ला स्वतः आजी झाली आहे. संकट टळलं म्हणून संकटातल्या सोबत्याला अडगळीत टाकू नका. वर्षातून एकदा त्याला ऊन दाखवा, त्याचा पीळ तपासा. मी ओस्लाच्या दारामागे खुंटीवर आहे. हात लावून बघा, टोकाची लोकर यंदाचीच आहे.