काठीचं माप

शोभाताईंनी अकरावी काठी उचलली, लाकडी जमिनीवर दोनदा खणखणीत आपटली आणि म्हणाल्या, "हीच!"

"आई, हळू!" अनिशने दचकून त्यांचा दंड धरला.

जानेवारीत बर्फावरून घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हा दंड लेकाच्याच ताब्यात होता. पाच महिने नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोतल्या फ्लॅटमध्ये बेड ते वॉशरूम आणि वॉशरूम ते खिडकी. आज डाउनटाउनमधल्या या छत्र्या-काठ्यांच्या जुन्या दुकानात यायचं, म्हणून बाई पहाटे पाचलाच न्हाऊन-माखून तयार! चौथ्या पिढीची मालकीण मार्गारेट एकेक काठी काढून देत होती. चांदीच्या मुठीची, बदकाच्या डोक्याची, एकीच्या तर पोटात चक्क छत्री! शोभाताईंना काय बघू नि काय नको असं झालं होतं.

मार्गारेटने निवडलेली काठी उलटी करून मूठ जमिनीला टेकवली. शोभाताईंच्या मनगटापाशी खूण करायची आणि वर उरलेला टोकाचा भाग कापायचा. पायात जे घालून चालणार, त्यावरच माप घ्यायचं, तिने इंग्रजीत बजावलं. एकदा कापली की काठी वाढत नाही.

"आय नो, यू टोल्ड मी ऑन द फोन," म्हणत अनिशने पिशवीतून आईच्या घरातल्या मऊ सपाता काढल्या. गुणी पोर! वॉशरूममधले आधाराचे दांडे, उशाशी घंटा, सगळं त्यानेच बसवलेलं. तो गुडघ्यावर बसला आणि आईच्या जाड तळाच्या बुटाची नाडी सोडू लागला.

शोभाताईंच्या झटकन लक्षात आलं. सपातांवर माप घेतलं की बुटांना आखूड पडणारी ही देखणी काठी जन्मभर कार्पेटवरच फिरणार!

त्यांनी पाय मागे घेतला.

"राहू दे बूट."

"अगं, बाहेर मी असतोच ना तुझ्याबरोबर. काठी घरात लागणार."

"घरात धरायला भिंती आहेत, अनिश."

मराठी न कळून मार्गारेट दोघांकडे बघत राहिली. शोभाताई ताठ उभ्या राहून तिच्याकडे वळल्या.

"विथ शूज, प्लीज," त्या म्हणाल्या.

खडूची खूण झाली. अनिश अजून खालीच बसला होता. त्याने सपाता पिशवीत टाकल्या आणि आईच्या बुटाची सुटलेली नाडी दुहेरी गाठ मारून घट्ट बांधली.