त्याच्या आधी काय हुतं

लगीन लागलंच न्हाई म्हणं! गेणू दरडीखाली जाऊन दोन म्हैने झालं नव्हतं, हिरीच्या पोटात त्याचं पाच म्हैन्यांचं पोर, आन गेणूचा सख्खा थोरला भाऊ शिदू तोंड वर करून पंचांना सांगतो की हिरी माझी भावजयच न्हवं. भावाच्या घरात राह्यलेली एक बाई, बास. ज्या साली घाटात इजेवरची इंजिनं धावाय लागली त्या सालची ही गोष्ट. आता माझं केस पांढरं झालं, तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाती.

मी चिमाबाई. खंडाळ्याच्या वरल्या अंगाला, कड्याच्या काठावर आमची पंधरा-वीस झोपड्यांची वाडी. आमच्यात लगीन लावाय भट येत न्हाई. ढवळं गाणारी बाई लगीन लावती, आन वाडीची ढवळं गाणारी मी. माझ्या आधी माझी सासू विठाबाई हुती, तिच्या आधी तिची सासू.

ढवळं म्हणजे नुसतं हळदीचं गाणं न्हवं. त्यात सगळं जग उभं करायचं असतं. डोंगर, ओढं, वाघ, भात, माणूस, आन सगळ्यात शेवटी हे नवरा-नवरी. रीत अशी, की गाणारणीनं उजव्या मुठीत तांदूळ घ्यायचं. समोर बसलेल्या बायका गाऊन सवाल टाकतात, माणसाच्या आधी काय हुतं? आपण म्हणायचं, रान हुतं, आन तांदळाचं चार दाणं खाली सोडायचं. रानाच्या आधी? माती हुती. मातीच्या आधी? पाणी हुतं. पाण्याच्या आधी? काळोख हुता. असं मागं मागं जायचं. मूठ रिकामी झाली की 'हितनं धरा' म्हणायचं. मग बायका सवाल टाकायच्या थांबतात, आन तितनं पुढं एकेक करत जग मांडत यायचं. सकाळी बसलं की दुपार कलती.

नवी सून असताना मी सासूला इचारलं हुतं, आत्याबाई, काळोखाच्या आधी काय हुतं? ती भात कांडत हुती. म्हणाली, हुतंच की. मी म्हणलं, काय हुतं? तर म्हणाली, ते मला ठावं न्हाई, पर कायबी नसताना काळोख तरी कुटनं येईल? आन तितपतूर मूठ संपती, मग कशाला डोकं शिणवतीस. सासू माझी कजाग, पर ते बोलणं मला लय पटलं.

आता हिरीच्या लग्नाचं. गेणू रेल्वेच्या गँगमधी, घाटात लाइनीवर. मुकादमानं त्याला लग्नाला सुट्टी दिली ती दुपारच्या भोंग्यापतूर. आन मागं लागला कोण, तर ह्योच शिदू. दर घडीला येऊन म्हणायचा, मावशी आटप, मावशी आटप, पोराची नोकरी जाईल. माझाबी घसा बसला हुता, खोटं कशाला बोलू. म्हणलं, एवढं एक डाव काय हुतंय. मी मूठ उघडली, सगळं तांदूळ एकदम खाली सोडलं आन म्हणलं, हितनं धरा. बायका हसल्या. माणसापासनं पुढचं गायलं, हळद लावली, अक्षता टाकल्या, आन गेणू अंगावरच्या हळदीनिशी घाट उतरून कामावर गेला. दोन वर्सं सुखात नांदली दोघं.

मग श्रावणात दरड आली आन गेणू गेला. त्याच्या मागं राह्यलं एक घर आन कड्याच्या काठावरचं भाताचं एक खाचर. त्या खाचरातनं खालची दरी सगळी दिसती, आन तेच नडलं. शिदू खंडाळ्यात एका मुंबईच्या वकिलाच्या बंगल्यावर माळी हुता. वकिलाला दुसरा बंगला बांधायचा हुता, आन त्याला जागा पायजे हुती ती तीच. शिदूनं त्याला आमची लग्नाची रीत सांगितली, हिरीच्या लग्नात मी मूठ कशी सोडली तेबी सांगितलं. वकील म्हणं हसला. म्हणाला, ज्या कार्याला सुरुवातच झाली न्हाई ते कार्य झालं कसं म्हणायचं? बायको न्हाई तर वारस न्हाई, वारस न्हाई तर खाचर तुझं. एवढं शिकलेला माणूस, आन अक्कल चालवली कुटं, तर पोटुशा बाईला घराभायेर काढाय!

पंच बसायच्या आदल्या दिवशी हिरी माझ्याकडं आली. आई-बाप न्हाईत बिचारीला, माह्यारचं कोण न्हाई. माझं पाय धरून म्हणाली, मावशी, उद्या एवढं म्हण की सवाल झालं. बाकीच्या बायका तुझ्यामागं व्हय म्हणतील, मी सगळ्यांना इचारून आले. मी म्हणलं, मी खोटं बोलायची न्हाई, आन तू भिऊ नगं, त्या शिदूला मी बघते. ती कायतरी बोलणार हुती, मी तिला बोलू दिलं न्हाई. पंच वाघजाईपुढं बसतात, पर देवीच्या भ्यानं मी न्हाई म्हणलं असं कुणी समजू नगा. मला राग आला हुता. माझं गाणं, माझ्या सासूचं गाणं, त्याच्यावर एका बंगलेवाल्यानं हसावं?

दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन सगळी वाडी वाघजाईच्या देवळापुढं जमली. पंचांत मोठा कोंडाजी, त्याच्या शेजारी नथू आन आणखी तिघं. हिरीला एका बाजूला बसवली, एकटीच. ज्याचा निकाल लागायचा त्याच्याजवळ कुणी बसायचं न्हाई अशी आमच्यात रीत. शिदूनं आपलं गाऱ्हाणं मांडलं, वकिलाचं शब्द पाठ करून आला हुता. मग कोंडाजीनं मला उभं केलं. माणूस वाईट न्हाई कोंडाजी. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की मला कळलं, त्यालाबी 'व्हय'च ऐकायचंय.

"चिमाबाई, सवाल झालं का न्हाई?"

"न्हाई झालं. मूठ मी एकदम सोडली."

सगळीकडं कुजबुज उठली. शिदूच्या तोंडावर असं हसू आलं, की मला वाटलं उठून एक ठेवून द्यावी. कोंडाजीनं मान खाली घातली. म्हणाला, मग बाई, सुरुवात झाली न्हाई, आता आमी काय करणार?

मी म्हणलं, थांबा. मला बोलाय उभी केलीया, तर माझं सगळं ऐका.

"कोंडाजीभाऊ, तुमचं लगीन माझ्या सासूनं लावलं, तीस वर्सांमागं, छप्पनच्या दुष्काळात. मुठीत दोन दाणं हुतं, एका सवालाला एक दाणा. दोन सवालांत ती मातीपतूर पोचली आन म्हणाली, हितनं धरा. पाणी आलं न्हाई, काळोख आला न्हाई. मग तुमचं लगीन किती लागलं म्हणायचं, अर्धं का पाऊण?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मी नथूकडं वळले. नथूच्या लग्नात भात लय पिकलं हुतं, माझी मूठ गच्च भरलेली. पाण्याच्या मागं गेले, काळोखाच्याबी मागं गेले, बायकांचं सवाल काय थांबंनात, आन तितं मला शब्दच सापडंना. तवा उरलेलं तांदूळ मी गुपचूप पदरात सोडलं आन हितनं धरा म्हणलं. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भर सभेत सांगितलं. नथूचं तोंड बघण्यासारखं झालं.

शिदू मधीच उठला. म्हणाला, वकीलसाहेब सांगतात जगाला सुरुवात हायच, देवानं एक दिवस ठरवून केलंय, सुरुवात ठावी नसली तर ती तुझी चूक. मी म्हणलं, आन देवाच्या आधी? दोघा-तिघांनी मला गप्प केलं, देवळापुढं असं बोलू नये म्हणून. बोलू नये खरं. पर मग देवळापुढं भावाची बायको भायेर काढावी व्हय?

"जगाला सुरुवात झाली, का ते कायमचं हुतंच, हे ह्या वाडीत कुणाला ठावं न्हाई," मी म्हणलं. "माझ्या सासूला नव्हतं, तिच्या सासूलाबी नव्हतं. पयलं कुटं हाय ते मला दावा, मी आज तितनं गाते. आमी सगळ्याजणी मधनंच धरत आलो. मधनं धरलं म्हणून हिरीचं लगीन मोडत असंल, तर हितं बसलेल्या एकाचंबी लागलेलं न्हाई. तुमच्या आयांचीबी लागली न्हाईत."

एकच गलका झाला. आयांचं नाव घेतलं म्हणून दोन पंच अंगावर धावले. एक म्हणाला, हिला वाळीत टाका. दुसरा म्हणाला, ह्या दोघींनाबी टाका. शिदू त्यांना आणखी चेतवाय लागला. कोंडाजी लाल झाला हुता, त्याचंबी लगीन मी चारचौघांत काढलं हुतं. खरं सांगते, मला तवा लय बरं वाटत हुतं. तोंडाला तोंड देत मी कमरेला पदर खोचून उभी. हिरीकडं माझं ध्यान नव्हतं.

तवर बायकांतनं कोंडाजीची बायको बयाबाई उठली. ही बाई जलमात कधी पुरुषांपुढं बोलली न्हाई. अंगावर धावलेलं पंच खाली बसलं.

"धनी, तीस वर्सं तुमच्या घरात भाकरी भाजली, सात लेकरं केली," ती म्हणाली. "मी तुमची कोण, ते आधी ठरवा. मग हिरीचं बघा."

कोंडाजीनं तंबाखू थुंकली, पटका सारखा केला आन म्हणाला, हिरी गेणूची बायको, पोर गेणूचं, घर आन खाचर त्या दोघांचं. शिदूनं वाघजाईला नारळ फोडायचा आन खाचराच्या बांधावर पाय टाकायचा न्हाई. बाकीच्यांनी मान हलवली. आपापल्या बायका समोर बसल्या हुत्या, न हलवून सांगतात कुणाला! शिदू पाय आपटत बंगल्याकडं गेला.

बायका माझ्याभवती गोळा झाल्या. कुणी म्हणालं, काय गं तुझं तोंड, वकिलाला भारी. मी फुगून गेले. म्हणलं, हिरीला जवळ घ्यावं. ती अजून तितंच बसली हुती, एकटी. मी तिच्या पाठीवर हात ठिवला. तिनं तो काढला.

"मावशी, तू व्हय म्हणाली असतीस तर एका शब्दात मिटलं असतं," ती म्हणाली. आवाज चढवला न्हाई तिनं. "मी अख्खी दुपार हितं कुणाची कोण न्हाई अशी बसले, आन तू तुझ्या गाण्याचं भांडण भांडत हुतीस. बयाबाई उठली नसती तर?"

मला तिचाबी राग आला, एवढं केलं हिच्यासाठी आन ही असं बोलती म्हणून. तो राग वाडीत पोचेपतूरबी टिकला न्हाई. मूठ मीच सोडली हुती, आन तिचं घर पणाला लावताना मी तिला इचारलंबी नव्हतं.

माघात हिरीला मुलगा झाला. पाचवीला वाडीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलं. मला आलं न्हाई.