निळ्या कॅनमधलं ऑईल

शिरूर अनंतपाळहून निलंग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वळण आहे आणि त्या वळणावर विरूपाक्षची पिठाची गिरणी. लाईट असली की मोटर, गेली की डिझेलचं जुनं इंजन. लाईटीचं तिकडं असं, की ती पाहुण्यासारखी येते आणि चहा न घेताच जाते. त्यामुळे इंजन हेच त्या घरचं कर्तं माणूस. आणि हे कर्तं माणूस डिझेलवर कमी, जळक्या ऑईलवर जास्त जगायचं.

जळकं ऑईल म्हणजे गाड्यांच्या इंजनातून काढून टाकलेलं जुनं, काळंकुट्ट ऑईल. गॅरेजवाल्यांना ते कधी एकदा जातंय असं झालेलं असतं. विरूपाक्ष ते गोळा करून आणायचा, ड्रममध्ये महिनाभर निवांत बसू द्यायचा, वरचं निवळलेलं काढून जुन्या धोतराच्या पदरातून गाळायचा आणि त्यात थोडं डिझेल मिसळायचा. त्याची रीत ठरलेली होती. इंजन सुरू करायचं डिझेलवर. चांगलं तापलं की डिझेलचा कॉक बंद करून काळ्याचा उघडायचा. आणि बंद करायच्या आधी पुन्हा थोडा वेळ डिझेल द्यायचं, म्हणजे आतला गळा धुऊन निघतो. ही शेवटची चूळ भरायला जो विसरला, त्याचं इंजन दुसऱ्या दिवशी उठत नाही. धूर मात्र निघायचाच. बायका नाकाला पदर लावून दळण ठेवायच्या आणि पिठाला वास मारतो म्हणून भांडायच्या. विरूपाक्ष म्हणायचा, "पिठाला न्हाई, तुमच्या नाकाला मारायलाय." माणूस चिकट होता, पण मनाचा वाईट नव्हता.

त्याचा थोरला भाऊ वीरण्णा शिरूर ते निलंगा काळी-पिवळी जीप चालवायचा. त्या जीपला एक खोड होती. संथ चालली की मध्येच एक ठोका चुकायची आणि मग पुढचे दोन घाईघाईनं टाकायची, चालता चालता काही आठवून पाऊल उचलणाऱ्या माणसासारखी. संध्याकाळी वळणावरून तो आवाज आला की त्यांची आई लक्ष्मम्मा, मुलांची अव्वा, चुलीवर तवा ठेवायची. जीप दारात येईपर्यंत पहिली भाकर फुगलेली असायची. कितीतरी वर्षं त्या घरात घड्याळाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

गेल्या चैत्रात वीरण्णा गेला. शिरूरच्या स्टँडवर, भरल्या गाडीत, इंजन चालू ठेवून, स्टेअरिंगवर हात ठेवून. मागचे प्रवासी "चला की अण्णा" म्हणत होते आणि इंजनच्या थरथरीनं त्याची मान हलत होती, म्हणून त्यांना वाटत होतं की तो हाव हाव म्हणतोय. विरूपाक्ष गॅरेजमधून ऑईलचा डबा घेऊन तिकडूनच चालला होता. त्यानं खिडकीतून हात घातला, "अण्णा, झोपलास का?" म्हणाला आणि चावी फिरवली. इंजन थांबलं. त्याबरोबर वीरण्णाची मानही थांबली.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन, बसवून मातीत ठेवतात. वीरण्णा मेला तोही बसून आणि मातीत गेला तोही बसून. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. लक्ष्मम्मानं तवा खुंटीला अडकवला आणि तो पुन्हा काढला नाही. स्वयंपाक वीरण्णाची बायको शिवकन्या करायची आणि म्हातारी दोन घास चिवडून उठायची. पावसाळा संपेस्तोवर तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. असंच चाललं तर अव्वा पुढचा चैत्र बघत नाही, हे विरूपाक्षला दिसत होतं. त्याचं लग्न व्हायचं होतं, भाऊ गेला होता, आता आईही जाणार या विचारानं तो आतून भ्यायला होता. त्याचाही घास उतरेनासा झाला होता, पण तिकडे कुणाचं लक्ष जावं असं त्याला वाटत नव्हतं.

जीप मुखेडच्या एकानं घेतली. ती न्यायला माणूस दारात उभा असताना विरूपाक्षनं सवयीप्रमाणे तिच्या खाली भांडं लावलं आणि जुनं ऑईल काढून नवं भरून दिलं. कुणी म्हणालं, भावाच्या गाडीचं तरी सोड. पण काळं ऑईल बघितलं की त्याचा हात राहत नसे. ड्रम भरलेला होता म्हणून ते ऑईल एका निळ्या कॅनमध्ये ओतून कोपऱ्यात ठेवलं, आणि तो विसरून गेला.

मार्गशीर्षात एकदा ड्रमात गाळच उरला. लाईट दुपारपासून गेलेली, दळणाच्या डब्यांची रांग लागलेली. विरूपाक्षनं निळा कॅन काढला, त्यातलं थोडं गाळलं, मिसळलं आणि टाकीत ओतलं. इंजन डिझेलवर सुरू केलं. तापल्यावर काळ्याचा कॉक उघडला.

थोड्याच वेळात इंजन एक ठोका चुकलं आणि पुढचे दोन घाईघाईनं टाकले.

त्याला वाटलं, कचरा आला असेल. तो कान देऊन उभा राहिला. पुन्हा तसंच. दाराशी बसलेल्या दोन बायका बोलायच्या थांबल्या आणि त्यांनी उगाच रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर काहीच नव्हतं. मग अंगणापलीकडून, घरातून, भाकरी थापल्याचा आवाज आला. विरूपाक्ष तसाच पिठाच्या हातांनी घरात गेला. लक्ष्मम्मा चुलीपुढे बसली होती, तवा तापला होता आणि शिवकन्या भिंतीला पाठ लावून तिच्याकडे बघत होती.

"आला न्हवं?" लक्ष्मम्मा म्हणाली. "ताटं घे."

विरूपाक्षनं ताटं घेतली. अव्वानं त्या दिवशी अख्खी भाकर खाल्ली, वर ठेचा मागून घेतला. सोबत म्हणून तोही जेवला. भीती आणि आनंद एकाच ताटात वाढल्यासारखं झालं होतं, कशाला आधी हात लावावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं रविकिरण मेस्त्रीला बोलावलं. त्यानं नोझल उघडलं, पुसलं, परत बसवलं. "काय बी न्हाई, अप्पा. आवाज मशीनचा असतो. ऑईलमधी कुठं आवाज असतोय?" त्यानं स्वतःच गॅरेजमधून आणलेलं ऑईल घालून इंजन चालवलं. सरळ, एकसारखं चाललं. "मग आता ह्यातलं घालून बग," विरूपाक्ष म्हणाला. निळ्या कॅनमधलं ऑईल पोचलं तशी रविकिरणची मान हळूच वळली. त्यानं पाना खाली ठेवला आणि चिंधीला हात पुसत राहिला, स्वच्छ झाल्यावरही.

"चार वरसं ह्याच गाडीनं निलंग्याला गेलाव मी," तो म्हणाला आणि चहाला थांबला नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तेल जळत होतं आणि वीरण्णाची खोड जात नव्हती. विरूपाक्षनं मग त्यातून वाट काढली. दिवसभर इंजन साध्या ऑईलवर चालवायचं आणि संध्याकाळी निळ्या कॅनमधलं पळीभर घालायचं. लाईट असली तरी मोटर बंद करून इंजन लावायचं. गावाला वाटलं, चिकटपणा आता डोक्यात गेला. पण अव्वा रोज भाकर टाकत होती, रोज जेवत होती. बांगड्या मनगटाकडे परत येत होत्या. तिच्यासोबत तोही बसायचा. पळीभर ऑईलच्या त्या थोड्याशा वेळात तो इंजनापुढे पोत्यावर बसून असायचा आणि कधी कधी दिवसभराचं सांगायचा, कुणाचं दळण आलं, कोण भांडलं. ठोका योग्य जागी चुकायचा. ऐकताना वीरण्णा असाच मध्येच थांबायचा.

शिवकन्या मात्र त्या वेळेला घराबाहेर जायची. एकदा ती गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, आपल्यात जाळत न्हाईत."

"काय म्हणायलाव वैनी?"

"मातीत ठिवलं न्हवं त्यास्नी? मग हे काय करायलाव तुमी रोज? थोडं थोडं करून जाळायलाव."

हा विचार विरूपाक्षच्या मनात आलाच नव्हता, आणि आल्यावर जाईनाही. "अव्वा जेवायली, वैनी," तो शेवटी म्हणाला.

"मला झोप लागना गेलीय," शिवकन्या म्हणाली. "धूर घरात येतो. त्यांच्या अंगाचा वास हाय त्याला." ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि रडली. कॅन कुठेतरी नेऊन पुरावा, एवढंच तिचं मागणं होतं. त्यानं हो म्हटलं नाही. आई का वैनी, असं कुणी विचारलं तर माणूस काय उत्तर देणार?

पण पळी पळीनं विहीरही आटते. माघात एका संध्याकाळी कॅन उलटा केला तरी थेंब येईना. तळाला काळा चिखल होता तेवढाच. विरूपाक्षनं त्यात डिझेल घालून कॅन खळखळून घेतला, धोतरातून गाळला, आणि जे आलं ते सगळं टाकीत ओतलं. उद्या काय, हा विचार त्यानं केला नाही. त्यानं आजचा कॉक उघडला.

आवाज इतका स्पष्ट कधीच आला नव्हता. वळणावरून आत शिरणारी जीप, चढाला गिअर बदलताना होणारी तिची धाप, सगळं त्या एका सिलिंडरच्या इंजनात ऐकू येत होतं. तिकडे घरात तवा वाजला. विरूपाक्ष पोत्यावर बसून राहिला. मग दिवस मावळला तसा तो उठला, डिझेलची चूळ भरवली आणि दोन्ही कॉक बंद केले.

इंजन थांबलं नाही.

त्यानं कॉक तपासले. बंद होते. नळी काढली, तिच्यातून काही येत नव्हतं. इंजन चालूच होतं, आणि आता वेग धरत होतं. पट्टा फडफडायला लागला, पाण्याच्या टाकीतून वाफ उसळली, जमिनीतले बोल्ट करकरू लागले. मेस्त्री लोकांना ही गोष्ट ठाऊक असते. आतल्या रिंगा खराब झाल्या की इंजन स्वतःच्या पोटातलं ऑईल पिऊन धावत सुटतं, आणि मग शेवटी त्याचं लोखंडी चाक फुटून भिंतीपार जातं. उपाय एकच, हवा ओढायच्या तोंडावर ओलं पोतं दाबायचं. गुदमरलं की मरतं. विरूपाक्षनं पोतं हौदात बुडवलं आणि वळला, तर इंजनाजवळ लक्ष्मम्मा उभी होती, हात पिठानं भरलेले.

"अव्वा, बाजूला हो. चाक फुटंल."

तिनं त्याचं मनगट धरलं. तोंड त्याच्या कानाशी आणून म्हणाली, "तोंड दाबू नको त्याचं. सांग त्याला."

"काय सांगू?"

"त्या दिवशी सांगितलं न्हाईस ते."

पोतं हातातून गळलं. त्या दिवशी त्यानं नुसती चावी फिरवली होती. झोपलास का म्हणाला होता. त्या गेलेल्या माणसाशी त्याचं शेवटचं बोलणं म्हणजे चेष्टा होती. इंजन किंचाळत होतं, भिंतीवरचं पीठ पांढरं होऊन उडत होतं आणि त्या धुरळ्यात त्याला मान हलवणारी एक पाठमोरी आकृती दिसल्यासारखी झाली. त्यानं पाण्याच्या तापलेल्या टाकीवर हात ठेवला. हात भाजला तरी काढला नाही.

"अण्णा," तो म्हणाला, "स्टँड आलाय. समदे उतरलेत. तू बी उतर आता."

इंजन एक ठोका चुकलं. पुढचे दोन घाईघाईनं आले नाहीत. एक आला, मग बऱ्याच वेळानं आणखी एक. चाक सावकाश फिरत फिरत थांबलं. वाफेची फुसफुस तेवढी चालू राहिली, मग तीही थांबली.

विरूपाक्षनं कंदील धरून पोटातलं ऑईल मापायची पट्टी ओढून पाहिली. इतकं धावलेल्या इंजनात ऑईल तळाला जायला हवं होतं. पट्टी वरच्या खुणेपर्यंत भिजलेली होती. एक थेंबही कमी झाला नव्हता. त्यानं पट्टी पुसून परत घातली आणि त्याबद्दल कुणाला विचारलं नाही.

लक्ष्मम्मा पोत्यावर बसली होती. "पहिल्या दिवशी मला खरंच वाटलं, आला," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी येऊन बगितलं तर तू हितं पळी घेऊन बसलेलास, बोलत. तवा कळलं."

"मग रोज भाकर का टाकायलीस?"

"तू जेवना गेलतास, इरू. मी टाकली की तू बसायलास माझ्यासंगं. म्हणून टाकायले." तिनं त्याचा भाजलेला हात उलटा करून पाहिला. "एक मातीत गेला. दुसरा हितं धुरात बसलाय. मी काय करू?"

विरूपाक्ष आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, चैत्रात रडायचं राहिलेलं सगळं.

सकाळी तिघं शेतात गेली. वीरण्णाच्या समाधीशेजारी विरूपाक्षनं खड्डा केला. शिवकन्येनं निळा कॅन आत ठेवला, आडवा नाही, उभा, बसवल्यासारखा. लक्ष्मम्मानं त्याला भस्माची तीन बोटं लावली आणि माती ओढली.

त्या संध्याकाळी लाईट होती. गिरणी मोटरवर चालली, वळणावरून कसलाच आवाज आला नाही. लक्ष्मम्मानं तरीही तवा ठेवला.