वर्गांक नसलेली पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे, मित्रांनो, आणि आज मी चिडलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे असा रिवाज आहे. पण माझ्या कड्या गंजल्या, तशी गोडीही गंजली.

एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले, हिरवा रंग दिला. त्याला वाटले, मी कुणाच्या घरी कपडे सांभाळीन. मला घेतले ते ग्रंथपालांच्या संघाने. ग्रंथालये सांभाळणाऱ्या माणसांचा तो संघ. त्यांच्याकडे तेव्हा साधे कपाटही नव्हते, म्हणून सभांची इतिवृत्ते, पत्रे, जुन्या वाचनालयांची माहिती, सारे माझ्या पोटात आले.

माझे खरे सुख म्हणजे ताई. संघातली सगळ्यांत तरुण ग्रंथपाल. सुट्टी मिळाली की ती बसने गावोगावची वाचनालये बघत हिंडे. कुठे शाळेच्या पडवीत, कुठे न्हाव्याच्या दुकानात एका फळीवर. वाचनालय कुणी काढले, पहिले पुस्तक कुणी दिले, सगळे एका वहीत उतरवी. अशी बहात्तर वाचनालये झाली. वही माझ्यात ठेवताना ती गुणगुणे:

पहिली माझी ओवी, फळी ठोकल्या हाताला,
दुसरी माझी ओवी, दिव्यातल्या गं वातीला.

पुढे काही वर्षे तिने नव्या ग्रंथपालांना शिकवले, मग नोकरीसाठी ताई दूरच्या शहरात गेली. वही माझ्यापाशी राहिली.

मग संघाला खोली मिळाली, कपाटे आली, आणि तिथेच माझे नशीब फिरले. कपाटात जायचे तर वर्गांक हवा. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला जो आकडा त्याची फळी सांगतो, तो वर्गांक. माझ्या कागदांना कोणता द्यायचा? वाद घातला संघातल्या टिंबकाकांनी. आकड्यातले दशांशाचे टिंब हलले की यांचा जीव हले, म्हणून हे नाव.

"हे संघटनेचे कागद. 'संघटना'खालीच जाणार."

"अहो, यात पन्नास वर्षांचा इतिहास आहे," अध्यक्ष म्हणाले. "'इतिहास'खाली घाला."

"इतिहास लिहून झाल्यावर ना! आत्ता नुसते कागद आहेत."

"मग लिहा की तुम्ही!"

"आधी वर्गांक तर ठरू द्या!"

ठरले एवढेच, की पुढच्या सभेत बघू. पुढच्या सभेत उपसमिती नेमली. उपसमितीचे कागदही माझ्यातच कोंबले! अशी अठरा वर्षे गेली. मी खिडकीखाली कोपऱ्यात. माझ्यावर मोडक्या खुर्च्या, चहाची किटली. भिंतीतून ओल आली, ओलीमागून कसर, कागद खाणारा तो इवलासा रुपेरी किडा. मला आत सारे कळत होते. पत्र्याला आवाज असतो हो, पण कुणी वाजवला तर.

जगभरची पुस्तके जागच्या जागी लावणारी ही माणसे, आणि त्यांच्याच घरी दिव्याखाली अंधार!

एके दिवशी ताई आली. केस पांढरे, चष्मा जाड. "जुन्या वाचनालयांचा इतिहास लिहितेय," ती म्हणाली. "माझी वही हवी. डॉक्टर म्हणतात, डोळे फार तर वर्षभर साथ देतील."

टिंबकाका घुटमळले. "ताई, पेटीची नोंद नाही हो झालेली. नोंद नसलेली वस्तू बाहेर द्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"शिकवलं खरं. पण नोंद करायला अठरा वर्षं घ्या, हे कुणी शिकवलं?"

"वर्गांकाचं अडलंय ना..."

खोली झाडणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काका, माझी सून डब्यावर आधी 'मीठ' लिहिते. फळी कुठली ते मागाहून बघते. तुम्ही एवढे शिकलेले, आत काय आहे एवढं लिहायला कोण आडवं आलं होतं?"

टिंबकाका पुढे सरसावले. किटली उतरवली, खुर्च्या हटवल्या आणि पेचकसाने माझी कडी उचकटली.

वही तळाशी होती. ताईने उघडली, तर पानांची चाळणी. ती भिंगातून एकेक ओळ वाचत गेली, टिंबकाका लिहून घेत गेले. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस वाचनालये हाती लागली. उरलेली एकतीस कसरीने खाल्ली होती.

"ताई, आठवून सांगा ना." टिंबकाकांचा आवाज ओला झाला होता.

"आठवणार असतं," ताई म्हणाली, "तर लिहिलं कशाला असतं?"

मित्रांनो, आता माझ्या झाकणावर चिठ्ठी आहे: 'संघाचे जुने कागद. जपून उघडा.' लिहायला अर्धे मिनिट लागले. मला आनंद व्हायला हवा, होत नाही. तुमच्या घरी एखादी जुनी वही असेल, तर चांगल्या कपाटाची वाट बघू नका. उघडा, झटका, ऊन दाखवा, वर नाव लिहा. नाव चुकले तर खोडून दुसरे लिहिता येते. कसरीने खाल्लेले गाव मात्र कुठल्याच फळीवर सापडत नाही.