मशीनला ओठ नसतात

"हे काय चाललंय?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"पट्ट्या चिकटवतेय," ती मान वर न करता म्हणाली.

टेबलावर वीस सिगारेटी ओळीनं निजवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या फिल्टरभोवती, टोकापासून अर्ध्या पेरावर, सुईनं टोचावीत तशी बारीक भोकं असतात. धुरात बाहेरची हवा मिसळावी, धूर पातळ व्हावा, म्हणून ती सोय. ओढणाऱ्याला ती कधी दिसत नाहीत, कारण तिकडे बघायचं त्याला कारणच पडत नाही. तीच भोकं ती चिकटपट्टीनं बुजवत होती. बारा झाल्या होत्या, आठ उरल्या होत्या.

"नियमाप्रमाणे भोकं उघडी ठेवायची असतात," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. सव्वीस वर्षं उघडीच ठेवलीत."

प्रयोगशाळेत तिला सगळे वजनकाटा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिनं तोललेलं कुणी पुन्हा तोलायला जात नसे. तसली बाई आज नियम मोडून बसली होती.

"हे रिपोर्टात जाणार नाही."

"रिपोर्टात नको. घरी न्यायचंय."

साहेब जरा घुटमळले आणि दार लोटून निघून गेले. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला दोन वर्षं उरली की माणसं दारं लोटायला शिकतात.

तिनं वीसही सिगारेटी मशीनला लावून पेटवल्या. मशीन मोठं शिस्तीचं. मिनिटाला एक झुरका, तो दोन सेकंदांचा, ठरल्या मापाचा. ना कधी घाई, ना काळजी, ना कुणाशी भांडण. सगळा धूर एका पांढऱ्या चकतीतून जातो आणि त्यातलं जे चिकट असतं ते चकतीवर बसतं. चकती आधी तोलायची, नंतर तोलायची, वाढलेल्या वजनातून पाणी आणि निकोटिन वजा करायचं. उरतं ते टार. याच हिशेबानं तिनं बारा वर्षांपूर्वी याच सिगारेटचं, ती नवी आली तेव्हा, टार काढलं होतं. चार मिलिग्रॅम. आणि तो आकडा घेऊन ती तडक दादाकडे गेली होती.

दादा टर्नर. वडील गेले तेव्हा सोळाव्या वर्षी शाळा सोडून लेथवर उभा राहिला आणि तिला विज्ञानात पदवीपर्यंत शिकवलं. सिगारेट त्याला लेथवरच लागली. सोड म्हणून तिनं किती डोकं फोडलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी थकून ती म्हणाली होती, "सोडणार नसलास तर निदान ही ओढ. हलकी आहे. मी स्वतः मोजलीय."

दादानं त्याच दिवशी जुना ब्रँड टाकला. तेवढं त्यानं तिचं ऐकलं, आणि तेवढंच ऐकायला नको होतं.

आता त्याच्या उजव्या फुप्फुसात गाठ होती. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, सहा आठवडे एकही ओढायची नाही, तरच गाठ काढू. नाहीतर भूलसुद्धा देणार नाही. दादा मान हलवून घरी आला आणि पेटवून बसला. "एकही म्हणजे ती कडक असते तिच्यातली," तो वहिनीला म्हणाला. "आपली हलकी आहे. छोटीनं मोजलीय."

काल ती त्याला समजवायला गेली होती. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो लेथवर होता. दोन्ही हात कामात, सिगारेट ओठांत खोल रुतलेली. हे ध्यान तिनं जन्मभर पाहिलं होतं. ती त्याचा राखेचा डबा रिकामा करायला निघाली आणि डब्यातली थोटकं पाहून जागच्या जागी थबकली. मशीनवरच्या थोटकाला टोकाशी मधोमध तपकिरी ठिपका असतो, कडेनं पांढरं कडं राहतं. हवा आत शिरल्याची ती खूण. दादाच्या थोटकांना कडं नव्हतं. सगळी टोकं काठोकाठ काळवंडलेली. त्याचे ओठ भोकं झाकत होते, बारा वर्षं, दर झुरक्याला.

प्रयोगशाळेत काट्यावर आकडा स्थिरावला. तिनं वजाबाकी केली, पुन्हा केली. दर सिगारेटीमागे चाराचे अकरा झाले होते.

त्याच संध्याकाळी तिनं दोन डब्या दादाच्या पुढ्यात उघडल्या. एकीत फिकट पिवळी चकती, दुसरीत गडद तपकिरी, तेलकट, नाक मागे घ्यायला लावणारी.

"ही भोकं उघडी ठेवून मशीननं ओढलेली. ही भोकं झाकून, तू ओठांनी झाकतोस तशी."

दादानं दुसरी डबी उजेडाकडे तिरकी धरली. लेथवरून काढलेली वस्तू तो अशीच बघत असे.

"किती?"

"अकरा."

"आणि तू सांगितलेले चार?"

"ते मशीनचे." मग तिला धीर धरवेना. "आधीच्या तू दिवसाला आठ ओढायचास, दादा. हलकी म्हणून पंधरावर गेलास. माझ्या शब्दावर गेलास. तुझ्या छातीत हे मी घातलंय."

वहिनी दारात उभी होती. तिचा आवाज चढला नाही. "वन्सं, एवढं शिकलात, एवढं मोजलंत. ह्यांचं तोंड कधी बघितलं नाहीत?"

तिला वाटलं, वहिनीनं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

"तिला काय बोलतेस?" दादा म्हणाला. "मशीनला ओठ नसतात, त्याला ती काय करणार? माप बरोबरच होतं, लावलं भलतीकडे. आमच्यातसुद्धा होतं असं." त्यानं खिशातलं पाकीट काढून लोखंडाच्या किसात टाकलं. "आता सोडली."

आणि खरंच सोडली. तिनं कॅलेंडरवर बेचाळीस चौकटी आखल्या आणि रोज एक खोडू लागली. दुसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. खोकल्यानं त्याला बोलवत नव्हतं.

"ओढत होतो तेव्हा बरा होतो की. हे उलटंच झालं."

"श्वासनळीत बारीक केस असतात, दादा. घाण वर ढकलणं त्यांचं काम. धुरानं ते बधिर पडतात. आता जागे होतायत."

"चाळीस वर्षं झोपवलेत मी. चिडूनच उठले असणार," दादा म्हणाला आणि हसता हसता पुन्हा खोकू लागला. तिला मात्र तो खोकला ऐकून बरं वाटलं. तेवढे दिवस तिनं आशा धरली, वेड्यासारखी धरली.

अडतिसाव्या दिवशी दादाला दवाखान्यात दाखल केलं आणि तिथल्या तपासणीत यकृतावर डाग दिसले. आता कापण्यात अर्थ नाही, डॉक्टर म्हणाले. तिनं त्यांना वऱ्हांड्यात गाठलं.

"त्यानं ती सिगारेट धरली नसती तर? आठच ओढत राहिला असता तर?"

"असं सांगता येत नाही."

"अंदाजे तरी सांगा. शेकडा किती?"

"नाही सांगता येत, बाई. धुरातली कोणती गोष्ट कोणत्या पेशीला कधी बिघडवते, हे एका माणसापुरतं कुणालाच सांगता येत नाही. त्यांची आधीचीही बरीच वर्षं होती."

मिलिग्रॅमचा दहावा भाग चुकला तरी तिला झोप लागत नसे. आणि ज्या एका आकड्यासाठी ती आता तडफडत होती, तो जगात कुठेच नव्हता. ती जिन्यात बसून रडली. येणारेजाणारे कडेनं वाट काढत गेले.

मग तोंड धुऊन ती वॉर्डकडे निघाली. दादाला काय सांगायचं हे तिचं ठरत नव्हतं. दाराशी आली तर आतून त्याचाच आवाज. शेजारच्या खाटेवर कुणी ड्रायव्हर होता. त्याच्या उशीखालून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं आणि दादाच्या हातात ती तपकिरी चकतीची डबी. ती त्यानं घरून कधी आणली हे तिला ठाऊक नव्हतं.

"माझी हलकी असते हो, काका," ड्रायव्हर म्हणत होता.

"माझीही हलकीच होती. घ्या, वास घ्या. नुसत्या वीस आहेत या." दादाच्या नाकात नळी होती. चार शब्द झाले की तो थांबत होता. "हे माझ्या बहिणीनं काढलंय. नोकरीची पर्वा न करता काढलंय. मोठ्या प्रयोगशाळेत असते. तिच्या हातचं वजन..."

त्याला श्वास पुरेना. बोलणं अजून संपलेलं नाही, अशा खुणेनं त्यानं बोट वर करून ठेवलं. ड्रायव्हर डबी हातात घेऊन थांबला. ती दारातच उभी राहिली. आत गेली असती तर त्याचं बोलणं अर्ध्यावर तुटलं असतं.