मागची वर्षं भरायची सोय

ही गोष्ट २०२३ सालची. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि देवासच्या आमच्या घरी भाड्याच्या हिशेबासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, हे ठरवायला आम्ही बसलो होतो. माझे थोरले दीर गोपाळराव, म्हणजे आमचे दादा, त्यांचा मुलगा धीरज आणि मी. माझी मुलगी उर्वी बदनावरहून माहेरपणाला आलेली; ती दाराशी मटार सोलत होती.

मालमत्ता दोघा भावांची, निम्मी-निम्मी. देवासला दोन दुकानं, धारला चार खोल्या. तिथे पीथमपूरच्या कारखान्यांतले लोक राहतात. माझे यजमान १९८९ साली गेले, तेव्हापासून भाडं दादा वसूल करत आणि महिन्याला मला एक पाकीट देत. किती आलं हे विचारायची आमच्यात रीत नव्हती. धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर बसतसुद्धा नसे.

हिशेब दादा मोडीत लिहीत. सासऱ्यांनी त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या: मोडी, आणि वहीत खोटं लिहायचं नाही. लोकांना काय सांगायचं ते सांगा, वही खरी पाहिजे. दादांनी दोन्ही पाळल्या. वही वाचणारं घरात कोणी नाही, ही त्यांची खात्री होती.

माझे वडील धार संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, त्यांची मोडी गेली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला पाटीवर गिरवायला लावत. सासरी कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१९९६ साली उर्वीचा इंदूरला फार्मसीला नंबर लागला. मी फीसाठी पैसे मागितले. दादा म्हणाले, "दोन्ही दुकानं रिकामी पडलीत, यमुना. कुठून आणू?" नंबर गेला. तीन महिन्यांनी सासूबाईंच्या श्राद्धाला त्यांच्या खोलीत वही उघडी दिसली. मी एक पान वाचलं आणि पानं वाढायला गेले. तेव्हापासून मी वाट बघत होते.

धीरजने लॅपटॉपवर तीन सॉफ्टवेअर दाखवली. पहिलं स्वस्त, पासवर्ड एकच. दादांना तेच आवडलं.

"हेच घे. एक तारखेपासून नवा हिशेब," ते म्हणाले. "जुन्या वह्या नेमावरला नर्मदेत सोडून येऊ. कागदाला पाय लागायला नको."

चौतीस वर्षं पाण्यात जाणार होती.

"धीरज," मी म्हटलं, "यात मागची वर्षं भरता येतात का?"

"काकू, तू पण ना. यात नाही. तिसऱ्यात येतात. पण वो महंगा है, आणि त्यात खोडलेलंसुद्धा दिसत राहतं. दोघांच्या मोबाइलवर."

"मग तेच घे. तू दुकान विकायचं म्हणतोस ना? वकील जुना हिशेब मागेल. वह्या बुडवल्यास तर काय दाखवशील?"

धीरज थांबला. गिऱ्हाईक त्याने बघून ठेवलं होतं. "बात तो सही है, बाबा."

दादा हसले. "घे बाबा, महागातलं घे. पण भरणार कोण? माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. तुला धड मराठी वाचता येत नाही, मोडी कुठली."

"मी वाचते," मी म्हटलं.

"तू काय वाचतेस?"

मी कपाटातून १९९६ ची वही काढली. पान मला शोधावं लागलं नाही. "आषाढ. दोन्ही दुकानांस नवे भाडेकरू. डिपॉझिट आले, पंचवीस हजार. धाकटीस दिले तीनशे. उर्वीच्या फीकरिता मागितले, नाही म्हटले. चिरंजीव धीरजची स्कूटर, बावीस हजार."

उर्वीचे हात थांबले. धीरज लॅपटॉपकडे बघत राहिला. ती स्कूटर त्याने नऊ वर्षं चालवली होती.

"दुसऱ्यांची वही चोरून वाचलीस," दादा म्हणाले.

"निम्मी माझी होती," मी म्हटलं. "लिही, धीरज. पुढचं सांगते."

सगळ्या वह्या भरायला सव्वा महिना लागला. मी वाचायचे, धीरज टाइप करायचा, दादा ऐकायचे. उठून जायला लागले की मी म्हणायचे, "बसा, आकडा लागला नाही तर तुम्हालाच विचारायचाय." मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

निम्म्या भाड्यातून पाकिटं वजा करून जी रक्कम निघाली, ती द्यायला धीरजपाशी नव्हती. त्याने दादांची सही घेऊन त्यांच्या वाट्याचं एक दुकान उर्वीच्या नावे करून दिलं. दादा पुढच्या वर्षी गेले. तोवर दर एक तारखेला मी मोबाइल घेऊन त्यांच्या खाटेशी बसत असे, आणि त्या महिन्याचं भाडं पैशासकट मोठ्याने वाचत असे. धीरज आता धारला राहतो. सणाला फोन करतो, येत नाही. वह्या माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत. नेमावरला गेल्या नाहीत.

उर्वीने दुकान औषधांच्या होलसेलवाल्याला भाड्याने दिलं आहे. रजिस्ट्रीच्या दिवशी, कचेरीतून परतताना, रिक्षात तिने एकच विचारलं, "आई, श्राद्धाच्या दिवशीच सगळ्यांना का नाही वाचून दाखवलंस? पुढच्या वर्षी तरी नंबर लागला असता."

मी रिक्षावाल्याला डावीकडे वळायला सांगितलं.